ऊन न येणारी खाडी

११ सप्टेंबर १९८८

तोर्लेइव,

हे पत्र लिहायला मला ओडनी मार्थिन्सेन नावाच्या बाईंनी भाग पाडलं. काल त्या घरी आल्या आणि बाबांच्या कबरीशेजारी थोडी जागा मागून गेल्या. त्या आल्या नसत्या तर आईच्या अंत्यविधीपासून मी जे पाळत आले तेच पुढे पाळलं असतं, म्हणजे तुला न लिहिणं.

बाई फ्योर्डपलीकडच्या, माझ्याच वयाच्या. बदामाचा केक घेऊन आल्या आणि बूट काढायच्या आधीच माफी मागायला लागल्या. त्यांचे वडील एमिल मार्थिन्सेन आपल्या बाबांसारखेच देवमाशांच्या हंगामाला दक्षिणेतल्या बेटावर गेले आणि तिथेच राहिले. साल १९३२. बरोबरच्या माणसाने घरी येऊन सांगितलं होतं की एमिलला शेलविका नावाच्या खाडीत पुरलं, ओढ्याकाठी, एकावर एक बसलेल्या दोन मोठ्या दगडांजवळ. बाईंनी एवढंच आयुष्यभर जपलं.

आता नोव्हेंबरात हवामानकेंद्राचं सामान घेऊन एक जहाज त्या बेटावर जाणार आहे. ज्या कुटुंबांची माणसं तिथे आहेत त्यांचे स्मृतिदगड ते बरोबर नेणार आहे. मी बाबांसाठी दगड घडवून घेतला आहे. तुला कळवलं नव्हतं, आता कळलं. बाईंनीही एक लहान दगड केला आणि ओस्लोच्या नामसमितीकडे चौकशी केली, कारण बेटावरच्या खाड्यांची नावं तीच मंडळी सध्या पक्की करत आहेत. समितीने उत्तर दिलं की शेलविकेत ओढ्याकाठी, दोन दगडांजवळ एकच क्रॉस आहे आणि त्यावर गुल्लिक आस्केम हे नाव आहे. फोटोचा पुरावा आहे.

म्हणून बाई माझ्याकडे. मला म्हणाल्या, "तुमच्या वडिलांना शेजारी कुणी चालेल का? दगड अगदी लहान आहे. पायाशी ठेवला तरी हरकत नाही."

मी त्यांना पुन्हा कॉफी ओतली.

फोटो तू काढलेला आहे, तोर्लेइव. क्रॉसही तूच रंगवलास. हंगाम संपला की परतीची बोट सुटायच्या आधी आपापल्या गावच्या माणसांचे क्रॉस खरवडून जहाजाचा पांढरा रंग द्यायचा आणि पुसट नावं पुन्हा काढायची, ही तिथली रीत तूच आईला सांगितली होतीस. १९५३ साली ते काम तुझ्याकडे होतं. तेव्हा मला सरळ सांग. त्या क्रॉसवर आधी कुठलं नाव होतं? दिसत होतं का? आणि आजूबाजूला दुसरी कबर होती का?

हेही विचारून ठेवते. आईच्या शवपेटीत तो फोटो ठेवायचा हट्ट तू का धरला होतास? "तिच्याबरोबर जाऊ दे" म्हणालास. मी नाही म्हटलं, तर पाद्रीबुवांसमोर म्हणालास, "मास्तरीणबाई, तुम्हाला सगळंच खिळ्याला टांगून ठेवायचं असतं," आणि कॉफीला न थांबता निघून गेलास. मी समजले की तू प्यायलेला आहेस. त्यानंतर गावच्या संग्रहालयाने फोटोची प्रत मागितली, मी दिली. समितीकडे जी पोचली ती हीच प्रत.

उत्तर पत्राने दे. तुझ्याकडे कागद नसेल म्हणून पाकिटात दोन कोरे घातले आहेत.

आसलाउग

२९ सप्टेंबर १९८८

तोर्लेइव,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. "मासळी बरी. वारा फार. जागा भरपूर आहे, बाईंना हो सांग." मी पाठवलेल्या दोन कागदांचं काय केलंस? आमिष गुंडाळायला वापरलेस?

मी बाईंना हो सांगितलेलं नाही. का, ते ऐक.

फोटो मी भिंतीवरून उतरवला आणि भिंग लावून पाहिला. इतकी वर्षं तो येताजाता पाहिला, पण तो पाहणं नव्हतं. क्रॉसवर समोरून, समुद्राच्या बाजूने लख्ख ऊन पडलंय आणि सावली मागे डोंगराकडे गेली आहे. मागच्या बाजूला तुझ्याच हस्ताक्षरात "दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत" असं लिहिलंय. त्या बेटावर भर दुपारी सूर्य उत्तरेला असतो. हे मी तीस वर्षं पोरांना शिकवलं आणि ती तीस वर्षं विसरली. तेव्हा तुझ्या फोटोतल्या खाडीत समुद्र उत्तरेला आहे आणि डोंगर दक्षिणेला.

बाबांच्या खाडीत ते उलटं होतं. तू पाळण्यात होतास, तुला आठवायचं नाही. एका वर्षी देवमाशांची चरबी वितळवायच्या कढयांची राखण करायला कंपनीने त्यांना हिवाळाभर तिथेच ठेवलं होतं. परत आल्यावर त्यांनी आपली खुर्ची कोपऱ्यातून उचलून खिडकीशी नेली आणि न्याहारी उन्हात बसूनच करायला लागले. म्हणायचे, "शेलविकेत ऊन म्हणजे पाहुणा. सूर्यही उत्तरेला आणि डोंगरही उत्तरेला, आणि डोंगर काही उठून जागा देत नाही." आई हसायची आणि ताटलीत तपकिरी चीज जास्त वाढायची. मला हे स्पष्ट आठवतं, कारण बाबा घरात बोललेलं मला आठवतं ते फार थोडं आहे.

१९१३ च्या नकाशात शेलविका डोंगराच्या दक्षिणेलाच दाखवली आहे. समितीचं म्हणणं, नकाशा काढणाऱ्याची चूक. मला ते पटेना. म्हणून वृद्धाश्रमात निकोलाय बायर यांना भेटायला गेले. ते कढयांवर कामाला होते, नव्वदीचे आहेत, ऐकू कमी येतं पण डोकं साफ आहे. मी नकाशा उघडला तर त्यांनी तो बाजूला सारला.

"शेलविका म्हणजे काय हो बाई? कढयांची खाडी. कढया असतील ती शेलविका. हिमनदीचा बर्फ येऊन खाडी भरली तेव्हा कढया उचलल्या आणि डोंगरापलीकडे नेल्या. नावही गेलं."

"कुणी ठरवलं?"

"ठरवायचं काय त्यात? आम्ही काय पाटी लावली होती?"

कढया हलल्या १९३० साली. बाबा गेले १९२८ साली. ते जुन्या शेलविकेत आहेत, डोंगराच्या दक्षिणेला, सावलीत. तू १९५३ साली नव्या शेलविकेत उतरलास. घरी ऐकलेलं होतं की बाबा शेलविकेत आहेत, म्हणून तिथला एकुलता एक क्रॉस तू बाबांचा समजलास. इथवर तुला दोष नाही. बेटावर जाणाऱ्या आपल्या गावच्या कुणीही हीच चूक केली असती.

पण त्या क्रॉसखाली एमिल मार्थिन्सेन आहेत. म्हणजे त्या बाईने आपल्याच बापाच्या पायाशी दगड ठेवायची परवानगी माझ्याकडे मागितली, केक घेऊन.

तुला हे कळलं होतं का? हो की नाही, एवढंच लिही.

आसलाउग

१७ ऑक्टोबर १९८८

तोर्लेइव,

दीपगृहाचं चित्र असलेलं कार्ड मिळालं. पाच शब्द: "फोटो भिंतीवर परत लावू नकोस." हे उत्तर झालं असं तुला वाटतं का? मला त्यातून जे समजायचं ते समजलं, पण माझ्या समजण्याला ओस्लोत किंमत नाही. ते पुढे लिहिते.

तुला तीनदा फोन केला. तुझ्या शेजारची दुकानवाली हियोर्डिस दर वेळी धावत बघायला जाते आणि येऊन सांगते की तू बोटीवर आहेस. तिसऱ्या वेळी मी विचारलं, "या वादळात?" ती बिचारी म्हणाली, "बोट धक्क्याला बांधलेली आहे. तो आत बसलाय." त्या बाईला खोटं बोलायला लावू नकोस. तिला ते जमत नाही.

परवा मी समितीकडे जाऊन आले. चिटणीस योस्टाइन फॉस नावाचा तरुण माणूस आहे, नीटस, सभ्य. माझं सगळं ऐकून घेतलं, सावलीचं गणित स्वतः कागदावर मांडून पाहिलं आणि म्हणाला की बरोबर आहे. मग म्हणाला की याने काही सिद्ध होत नाही.

"बाई, तुमच्या वडिलांना दुसऱ्या खाडीतून आणून उन्हात पुरलं असेल. फोटोत क्रॉस आहे, क्रॉसवर नाव आहे. आमच्याकडे दुसरं काय आहे?"

"ते नाव माझ्या भावाने रंगवलंय."

"मग त्यांना तसं लिहून द्यायला सांगा. ज्याने रंगवलं त्याने. तुमचं लिहिलेलं मी फायलीला लावीन, पण समिती ते बाजूला ठेवील."

त्याची बाजू मला समजते. राग त्याचाच येतो ज्याच्या एका सहीने हे सुटलं असतं.

पुरावा मिळाला नाही तर डिसेंबरात काय होणार तेही विचारून आले. शेलविका हे नाव डोंगराच्या उत्तरेला कायम होईल आणि ती पहिल्यापासून तिथेच होती असं नोंदलं जाईल. दक्षिणेची खाडी बिनवापराची आणि बिननावाची म्हणून तिला कुणा दिवंगत प्राध्यापकाचं नाव द्यायचा विचार आहे. ते गृहस्थ बेटाजवळून एकदा गेले होते. समुद्र खवळलेला होता, उतरले नाहीत. आणि जिथे बाबा खरोखर आहेत तिथे कुणीच पुरलेलं नाही असं ठरेल.

आपल्या बाबांचं मला एक वेळ सोडून देता येईल. त्यांना ऊन हवं होतं, सावली मिळाली. पण ओडनीबाईंचं काय? परवा त्यांचा फोन आला होता. दगडावर "शेजारी" असा शब्द कोरला तर मला खटकेल का, म्हणून विचारत होत्या. मी म्हटलं, आत्ताच कोरू नका. का, ते सांगू शकले नाही. ते मी सांगायचं नाही, तू सांगायचं आहेस.

जहाज नऊ नोव्हेंबरला माल घेणार.

आसलाउग

२६ ऑक्टोबर १९८८

तोर्लेइव,

या वेळी कार्डही नाही.

तू का गप्प आहेस याचा विचार करून मी थकले. तू भित्रा नाहीस. वादळात बोट हाकणारा माणूस ओस्लोच्या चिटणिसाला भिणार नाही. तेव्हा एकच कारण उरतं: आई. तिने फोटो छातीशी धरला, चौकटीत बसवला, मरेपर्यंत त्याच्याखाली बसून विणकाम केलं. तिला खोट्या क्रॉसपुढे बसवलं हे तुला कबूल करायचं नाही, ती नसली तरी.

मग हे वाच. काल भांडी घासताना मला ते आठवलं आणि मी हात न पुसता बसले.

वाटेतल्या बंदरातून तू टाकलेला फोटो टपालाने आला त्या दिवशी तू अजून समुद्रावर होतास. आईने पाकीट उघडलं, मी तिच्या खांद्यावरून बघत होते. तिने फोटो उजेडात धरून पाहिला. मग म्हणाली, "बरं झालं. इथे ऊन तरी आहे."

मी तेव्हा समजले की ती कबरीबद्दल बोलतेय. आता सांग, बाबांचं ते खिडकीतल्या खुर्चीचं बोलणं रोज ऐकणारी बाई ती. तिला त्या खाडीत ऊन नसतं हे ठाऊक नव्हतं? तिने पाहिल्या क्षणी ओळखलं, तोर्लेइव. हा तिचा नवरा नाही, ही त्याची खाडी नाही. पण पोराने इतक्या लांब जाऊन क्रॉस रंगवलाय, फोटो पाठवलाय. तिने चौकट करून घेतली.

तू तिला सांभाळत गप्प बसलास, ती तुला सांभाळत गप्प बसली, आणि फ्योर्डपलीकडे एक पोर बाप शोधत म्हातारी झाली. आपल्या घराच्या या मायेचा मला या घटकेला अतोनात संताप येतो आहे.

आईला आता तुझ्याकडून काही नको आहे. ओडनीबाईंना हवं आहे.

आसलाउग

१२ नोव्हेंबर १९८८

तोर्लेइव,

तू आलास. न कळवता आलास आणि न कळवता गेलास, त्याबद्दल वेगळं बोलू. सकाळी उठले तर पांघरुणाची घडी केलेली आणि बस निघून गेलेली.

ओडनीबाईंकडे तू ओट्यावर गेल्यानंतर काय झालं हे तुला माहीत नाही, म्हणून लिहिते. तुझं बोलणं तिथे फार झालं नाही. शिडाच्या कापडात गुंडाळलेली ती फळी टेबलावर ठेवून तू म्हणालास, "हे तुमचं. क्रॉसची आडवी फळी. चिरली होती म्हणून मी नवी ठोकली. नवीवर नाव मी काढलं. ते चुकलं." आणि उठलास. बाईंनी वॅफल पुढे केलं होतं, तेही घेतलं नाहीस. निदान ते घ्यायचं होतंस.

त्यांनी कापड सोडलं. आधी बोट फिरवलं, मग चष्मा शोधला. चाकूने कोरलेलं आहे, डांबराखाली राहिलं म्हणून टिकलं. "एमिल" यातलं शेवटचं अक्षर आणि आडनावाचा मधला भाग वाचता येतो. साल पूर्ण. बाई म्हणाल्या, "हे माझ्याकडे किती वर्षांनी आलं?" मी उत्तर द्यायला लागले तर म्हणाल्या, "नको, सांगू नका. मी हिशोब करायला बसेन."

मग तू गाडीत मला जे सांगितलं होतंस ते मी त्यांना सांगितलं. तू सांगू नकोस म्हटलं नव्हतंस. ती फळी तू आईला आठवण म्हणून आणणार होतास, परतीच्या बोटीवर बसून खरवडलीस आणि अक्षरं दुसऱ्याच माणसाची निघाली. घरी पोचलास तर फोटो आधीच भिंतीवर होता. तेव्हापासून ती फळी तुझ्या जाळ्यांच्या खोलीत दारावर बसवलेली होती, अक्षरं आतल्या बाजूला करून.

बाईंनी खिडकीतून तुझ्याकडे पाहिलं. तू पाठ करून पाइप पेटवत होतास, वाऱ्यात पेटत नव्हता.

"त्यांनी रंग तर दिला," बाई म्हणाल्या. "माझ्या बाबांच्या क्रॉसला रंग देणारं दुसरं कोण होतं?"

मला अजून ते पुरेसं वाटत नाही. पण दगड त्यांचा, बाप त्यांचा, त्यांना वाटलं तर वाटलं.

ओस्लोला तुझं निवेदन पोचलं. फॉसने फोन केला. तुझं हस्ताक्षर वाचता येत नाही ही त्याची तक्रार आहे, बाकी ठीक. शेलविका हे नाव उत्तरेला राहणार, कारण माणसांनी ते शेवटी तिथे नेलं. दक्षिणेची खाडी हीच पहिली शेलविका, ही नोंद होणार. एका बेटावर एका नावाच्या दोन खाड्या चालत नाहीत, म्हणून तिचं नाव काय ते जानेवारीत. प्राध्यापकांचं नाव मागे घेतलं का, विचारलं. म्हणाला, "विचाराधीन आहे." मी त्याला सांगितलं की मी जिवंत आहे तोवर मीही विचाराधीन आहे.

खाली नऊ तारखेला कुणाला काय दिलं ते लिहून ठेवते. एक प्रत तुला, एक माझ्याकडे. तुझ्या प्रतीवर मासे कापू नकोस.

ओडनी मार्थिन्सेन यांना: क्रॉसची जुनी आडवी फळी, एक. शिडाच्या कापडासह, कापड त्यांनी ठेवून घेतलं.

नामसमितीला: तोर्लेइव आस्केम याचं सहीचं निवेदन. मूळ फोटो. फोटो परत मागितलेला नाही.

जहाजाच्या दुय्यम अधिकाऱ्याला, धक्क्यावर: लहान दगड, एमिल मार्थिन्सेन, स्थळ शेलविका. दगडावर "शेजारी" हा शब्द नाही. पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश, तोर्लेइवकडून, सूचना अशी की क्रॉसवरचं नाव खरवडून त्या जागी दगडावरचं नाव रंगवावं.

त्यालाच: मोठा दगड, गुल्लिक आस्केम. अधिकारी म्हणाला की स्थळाचा रकाना मोकळा चालणार नाही, काहीतरी नाव लिहा. नाव नाही म्हटलं. तो म्हणाला, मग उतरल्यावर आम्ही ओळखायचं कसं? मी लिहिलं: डोंगराच्या दक्षिणेची खाडी, न्याहारीला ऊन येत नाही ती. त्याने वाचलं आणि शिक्का मारला.

तुला, याच पाकिटात: तुझे लोकरीचे हातमोजे, ओडनीबाईंच्या ओट्यावर राहिलेले. उजव्याचा अंगठा त्यांनी विणून दिला आहे.

मिळाल्याचं कळव. कार्ड चालेल.

आसलाउग